‘लुक आफ्टर’चं पान

१० नोव्हेंबर १९३२, गुरुवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती माकडं पुन्हा माझ्या स्वाधीन झाली. इंग्रजी सहावीच्या फळ्यावर ‘लुक आफ्टर द सिक मॅन’ असं लिहिलं आणि म्हटलं, सांगा मराठीत. पहिल्या बाकावरचा शहाणा उठून म्हणतो, “आजारी माणसाला नंतर बघा.” वर्ग हसला नाही, कारण सगळ्यांनी वहीत तेच लिहिलं होतं. त्यांचा तरी काय दोष? ‘लुक’ म्हणजे बघणे, ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. दोन सरळ शब्द शेजारी बसवले की तिसरंच काहीतरी बोलायला लागतात, आणि जाब मात्र मास्तराला.

सिद्धाप्पा पुस्तकवाल्यांनी गेल्या आठवड्यात मला यातच गुंतवलं. त्यांचा स्वतःचा छापखाना आहे. म्हणाले, “मास्तर, असल्या क्रियापदांचं छोटं पुस्तक करून द्या, मॅट्रिकची पोरं उड्या मारून घेतील.” मी हो म्हणून बसलो. दहा वर्षं शिकवतोय, पण छापील एक ओळ माझ्या नावावर नाही. ‘लुक’पासून सुरुवात करायची ठरलंय. रोज किती काम झालं ते लिहायला ही वही घेतली. वच्छलेला सांगितलं तर म्हणाली, “रोज लिहिणार? तुम्ही?” लग्नाला अकरा वर्षं झाली की बायकोला नवऱ्याचा पुरता अंदाज आलेला असतो.

१३ नोव्हेंबर, रविवार

काम काही नाही. घरामागे मरण झालं.

आम्ही राहतो ते अक्कलकोट नाक्याबाहेर, चंद्रव्वांच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन. मागे त्यांचंच शेत आहे. मंद्रूपकडचे हरिबा धनगर दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निजामाच्या मुलखात चरायला जातात, आणि जाताना तीन रात्री त्या शेतात मेंढरं बसवतात. शेताला खत मिळतं, त्यांना ज्वारी मिळते. यंदा मुक्काम लांबला, कारण त्यांची सून फुलाबाई तिथेच पालात बाळंत झाली. मुलगी झाली. आठ दिवस ताप होता, काल दुपारी गेली. जेमतेम सतरा-अठराची असेल.

वच्छला कालपासून पालातच आहे. पोर दुसऱ्या कुणाकडे राहत नाही म्हणाली. मी म्हटलं, आठ दिवसांच्या पोराला माणसं काय कळतात? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा स्वतःच करून घेतला.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी शाळेला निघालो तर दारात हरिबा. मागे त्यांची बायको म्हाळसाबाई, तिच्या हातात घोंगडीत गुंडाळलेलं पोर. पोरीचा बाप येडू लांब लिंबाखाली उभा. मान वर केली नाही त्याने. हरिबांच्या हातात एक काळी शेळी होती.

“मास्तर,” ते म्हणाले, “एवढं लेकरू घिऊन थंडीत वाट चालायची न्हाय. म्हातारीच्या अंगावर दूध हाय व्हय? तुमच्या मास्तरीणबाईंपाशी गप ऱ्हातंय. सांभाळा.”

मी काही बोलायच्या आत वच्छलेने पोर घेतलंसुद्धा.

“ही शेरडी बी ठिवतो. हिचंच दूध पाजा, दुसरं न्हाय.” त्यांनी शेळीचं दावं माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “धरलं न्हवं?”

मी म्हटलं, “धरलं.”

“तुमी बी धरा की, बाई.” वच्छलेच्या उजव्या हातावर पोर होतं, तिने डाव्या हाताने दावं धरलं. चंद्रव्वा ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. हरिबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि झालं. तासाभरात मेंढरं रस्त्याला लागली.

किती दिवस, हे विचारायला हवं होतं. तीनदा ओठांवर आलं. पण ज्याची सून नुकतीच गेली त्याला काय विचारणार, की पोर कायमची देताय की तात्पुरती? बाजारातली वस्तू आहे का? पुढे बघू. शाळेत अर्धा तास उशीर झाला, हेडमास्तरांचं ऐकून घ्यावं लागलं.

२ डिसेंबर, शुक्रवार

सतरा दिवसांत या वहीत एक अक्षर नाही. आमच्या घरात हे पहिलंच पोर; रात्र कुठली आणि दिवस कुठला, हेच कळेनासं झालंय. चंद्रव्वांनी माळ्यावरून त्यांचं जुनं पितळी बोंडलं काढून दिलं. त्याच्या तोटीने पाजलं की पोर मुकाट पिते, वाटीने पाजलं की सगळं अंगावर. शेळीला मी सकाळी शाळेआधी बाभळीच्या शेंगा आणून घालतो. वर्गात कुणीतरी म्हणालं, मास्तरांना शेळीचा वास येतो. छडी काढली नाही, कारण येतोच.

वच्छला आज पोरीला मांडीवर घेऊन गात होती. ती गाते हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

२५ डिसेंबर, रविवार

नाताळची सुट्टी. पुस्तकाला हात लावला. ‘लुक ॲट’, ‘लुक फॉर’, ‘लुक इंटू’ ही तीन पानं सरळ झाली. ‘लुक आफ्टर’ अडलंय. अर्थ एका शब्दात सांगता येतो, सांभाळणे. पण उदाहरणं जमवताना एक गंमत लक्षात आली, ती इथे नोंदवून ठेवतो. नोकर साहेबाचा घोडा सांभाळतो, तिथे ‘लुक आफ्टर’. आई आपलं मूल सांभाळते, तिथेही ‘लुक आफ्टर’. स्टेशनवर अनोळखी माणसाला आपण ट्रंक बघायला सांगतो आणि पाणी प्यायला जातो, तिथेही तेच. वस्तू कुणाची, हे हे क्रियापद सांगतच नाही. ‘ब्रिंग अप’चं तसं नाही. त्यात लहानाचं मोठं करणं येतं. दोन्हींतला फरक पोरांना नीट दाखवला पाहिजे. अशी टीप कुठल्याही गाइडात नसेल.

उत्साहाने वच्छलेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “वस्तू कुणाची ते तुमच्या इंग्रजांना विचारावंसं वाटत नाही का?”

मी म्हटलं, “भाषेत विचारायची गरज पडत नाही.”

“घरात पडते,” म्हणाली आणि आत गेली. हल्ली तिचं बोलणं तुटक झालंय. जागरणं होतात.

१४ जानेवारी १९३३, शनिवार

संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेतून खुळखुळा आणला. पोरीने तो पहिल्यांदा स्वतःच्याच कपाळावर आपटला आणि मग विचारात पडली. मी एकटाच हसत बसलो.

नाव ठेवलं. दाक्षायणी. वच्छला म्हणाली, एवढंसं तोंड आणि एवढं मोठं नाव? मी म्हटलं, शाळेच्या पटावर शोभेल. शाळेच्या पटापर्यंत माझं मन कसं गेलं ते माझं मलाच कळलं नाही. चंद्रव्वा मात्र तिला आपल्या कानडीत ‘कूसु’च म्हणतात, म्हणजे बाळ. म्हटलं, आता नाव ठेवलंय तर नावाने हाक मारा. तर म्हणतात, “ठेवलेल्या कूसुला नाव कशाला घालतो, मास्तर?” म्हातारपणी माणूस काहीही बोलतो.

संध्याकाळी वच्छलेने विषय काढला. “हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार? त्यांना गाठा, कागद करून घ्या.” निजामाच्या मुलखात मी त्यांना कुठे गाठणार? पावसाळ्यात परत येतील तेव्हा बोलू, असं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही बोलणार?” तोच सूर, वही घेतली तेव्हाचा.

१९ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयात जाडजूड जुना शब्दकोश सापडला. ‘लुक आफ्टर’खाली तीन अर्थ आहेत. पहिला सांभाळणे. दुसरा, शोधात असणे, मागे लागणे, जुना झालेला. तिसरा, निघून जाणाऱ्याकडे मागून बघत राहणे. हा तिसरा सोलापूरच्या पोरांना काय उपयोगाचा? परीक्षेत कधी येत नाही. काढून टाकला. सिद्धाप्पांनी या क्रियापदाला एकच पान दिलंय.

दाक्षूला दात यायची लक्षणं आहेत, असं मला वाटतं. वच्छला म्हणते, अजून वेळ आहे. माझ्या बोटाला मात्र बोचलं.

१२ मार्च, रविवार

आजचा दिवस वाईट गेला. हरिबांच्या मेळातला एक माणूस घोंगड्या विकायला शहरात आला होता. वाकडी वाट करून आमच्याकडे आला. ओट्यावरच बसला. “हरिबा इचारतोय, लेकरू आन शेरडी बरी हायत का?”

मी छाती पुढे काढून सांगितलं, दोन्ही उत्तम आहेत. शेळी गाभण आहे आणि मुलगी कुशीवर वळते. शेरडीचं ऐकून तो खूश झाला. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गेला.

आत आलो तर वच्छला कोठीच्या खोलीत, अंधारात, दाक्षूच्या तोंडावर पदर धरून उभी. “गेला?” तिने विचारलं. मग खाली बसली. म्हणाली, “पोर गेली म्हणून सांगायचं होतं.”

मी ताडकन म्हटलं, काय बोलतेस हे, शोभतं का? ती म्हणाली, “नाही शोभत. पण सांगायचं होतं.”

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. तो माणूस फाटकातून आत येताना माझ्याही मनात तेच आलं होतं. नंतर तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडलं. मला सांगायचा होता पोरीचा पराक्रम. तो सांगायला दुसरं कुणी भेटत नाही.

३ एप्रिल, सोमवार

शेळी आटली. म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजतोय. ऊन असं की दुपारी ओट्यावर पाय टेकवत नाही. ‘लुक आफ्टर’ सोडून सगळी पानं सिद्धाप्पांना दिली. ते म्हणतात, “एका पानासाठी यंत्र थांबलंय, मास्तर.” मी म्हटलं, चांगलं उदाहरण मिळत नाही. त्यांना वाटतं मी टाळतोय.

९ मे, मंगळवार

शेळी व्याली. दोन करडं झाली, एक पाट, म्हणजे मादी, आणि एक बोकड. दोन्ही काळी. पाटीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. दाक्षू त्यांच्याकडे बघून हात झाडत होती. तिला आता उशीला टेकवून बसवता येतं.

चंद्रव्वा आल्या, करडांचे पाय चाचपले आणि म्हणाल्या, “छान. एक त्याचं, एक तुझं.” मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी नीट समजावलं. या लोकांत जनावर दुसऱ्याकडे सांभाळायला देतात त्याला अर्धेली म्हणतात. मूळ जनावर मालकाचंच राहतं. जो सांभाळेल त्याला, जितकी पिल्लं होतील त्यातली निम्मी. कागद नाही, साक्षीला एक माणूस पुरे. दावं हातात देऊन विचारायचं, धरलं का? समोरच्याने धरलं म्हटलं की बोलणं पक्कं झालं. मालक परत येतो, आपलं नेतो, वाटा ठेवून जातो. कुणी फसवत नाही.

मला ही रीत फार न्याय्य वाटली. सांभाळणाऱ्याचेही कष्ट त्यात धरलेत. आमच्या शाळेच्या कमिटीने यातून काही शिकावं.

वच्छला आत भात रांधत होती आणि चंद्रव्वांचं बोलणं दारातून ऐकत होती. भात करपला. कधी करपत नाही तिच्या हातून. उन्हाने डोकं दुखत असेल.

१४ मे, रविवार

माळशिरसहून पत्र आलं. तिथे इंग्रजी शाळा काढताहेत, मला मुख्याध्यापक म्हणून बोलावलंय. पाच जूनला हजर व्हायचं. तीस तारखेपर्यंत होकार हवाय.

पत्र वाचून पुरतं घडी करायच्या आत वच्छलेने माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. मी म्हटलं, अगं, विचार तर करू दे. ती म्हणाली, “कसला विचार? पाऊस पडला की ते येतील. त्याआधी जाऊ या. त्यांना पत्ता कळणार नाही.”

“आणि शेळी?”

“शेळी करडांसकट चंद्रव्वांच्या गोठ्यात बांधायची. त्यांची त्यांना मिळेल. दोन्ही करडं घेऊ देत. मला वाटा नको.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाच दिवस मी त्या रीतीचं कौतुक करत फिरत होतो. वाचनालयातसुद्धा सांगितलं. आणि ही बाई पाच दिवस ते पोटात घेऊन भाकऱ्या थापत होती.

२० मे, शनिवार

एका वकिलाला भेटलो. आडून आडून विचारलं, एका ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हणून. त्याने पानाची पिचकारी टाकून सांगितलं की आपल्या कायद्यात मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलगा असता तर काही बोलता आलं असतं, तेही बापाने दिला तर. “बाप जिवंत आहे?” “आहे.” “मग तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा, त्या पोरीवर जीव लावू नका.”

मी त्याचे आभार मानून उठलो.

३१ मे, बुधवार

होकाराचं पत्र बावीस तारखेला लिहिलं. फार सुरेख अक्षरात लिहिलं. तेव्हापासून ते माझ्या कोटाच्या खिशात आहे. रोज पोस्टावरून जातो. पेटीपाशी गेलो की हरिबांचा चेहरा समोर येतो, दावं देऊन माझ्याकडे बघणारा. परत फिरलो की वच्छलेचा येतो. काल तीस तारीख होती. काल तर पेटीत हातसुद्धा घातला होता, आणि पत्र हातात तसंच घेऊन मागे आलो.

मी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. सरळ माणूस म्हणून नाही म्हणालो असतो तरी अब्रू राहिली असती. बायकोसाठी खोटं वागलो असतो तरी चाललं असतं. दोन्ही झालं नाही. वच्छलेने रात्री विचारलं, टाकलं का? म्हटलं, उद्या. तिने ट्रंक परत माळ्यावर चढवायला मला हात लावायला सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

१८ जून, रविवार

पाऊस होऊन आठवडा झाला. दुसऱ्या धनगरांची मेंढरं नाक्यावरून गेली. हरिबांचा पत्ता नाही. तिकडे पटकीची साथ आहे असं बाजारात ऐकलं. ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं ते इथेसुद्धा लिहवत नाही. देव मला क्षमा करो.

दाक्षू ‘दा दा’ म्हणते. मला वाटतं, स्वतःचं नाव घेते.

२३ जून, शुक्रवार

आले.

शाळेतून परतलो तर शेतात मेंढरं बसलेली. म्हाळसाबाई ओट्यावर, हरिबा शेळीच्या दातांत बघत होते, येडू उभा. वच्छला आतल्या दाराच्या उंबऱ्यावर दाक्षूला घेऊन बसलेली. तिने कुणाला पाणीसुद्धा दिलं नव्हतं. मी दिलं.

“लई चांगली ठिवली शेरडी,” हरिबा म्हणाले. “आन लेकरू तर वळखूच येईना. बाळसं धरलंय. फुलीवानीच नाक हाय की गं?” म्हाळसाबाईने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, “फुलाच म्हणायचं आता हिला.”

मी सगळा धीर गोळा केला. सात महिने जुळवून ठेवलेलं बोलणं होतं माझ्याकडे, मुद्द्यांसह. म्हणालो, हरिबा, पोरीला इथेच राहू द्या. शाळेत घालतो. काही कमी पडू देणार नाही. तुमची तुमचीच राहील, दरसाल बघून जा.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडलो असतो. ते नुसते कोड्यात पडले. माझ्याकडे बघितलं, चंद्रव्वांकडे बघितलं.

“मास्तर, तुमी दावं धरलं न्हवं? तवा काय बोलला न्हाईसा.”

“तेव्हा...” मी म्हटलं.

“तुमी तवा म्हणाला असतासा, द्या आमाला कायमची, तर म्या दुसरीकडं बघितलं असतं. म्हातारीच्या भावाकडं मोडनिंबला सोय हुती. पर चंद्रव्वा म्हणाली, मास्तर शब्दाचा माणूस हाय. म्हणून तुमच्याकडं ठिवली.”

चंद्रव्वा खाली बघत होत्या. मी इंग्रजीचे धडे देतो, क्रियापदांची पुस्तकं लिहितो, आणि त्या माणसाला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

उद्या सकाळी निघणार.

२४ जून, शनिवार

शाळेत गेलो नाही.

वच्छलेने पोरीला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, दुपट्यात गुंडाळलं. खुळखुळा दुपट्यात खोचला. बाहेर आणली तशी दाक्षूने सगळी माणसं बघून भोकाड पसरलं. म्हाळसाबाईने हात पुढे केले, पोर जाईना. तिने वच्छलेचा पदर मुठीत धरला होता, तो सोडवता सोडवेना.

हरिबा म्हणाले, “येडू, तू घे. तुजं हाय.”

येडू पुढे आला. एवढा दांडगा गडी, कोकरू खांद्यावर टाकून दहा कोस चालणारा, पण हात पुढे करून तसाच उभा राहिला. हळूच म्हणाला, “बाई, कशी धरायची?”

मला वाटलं, आता वच्छला कोसळेल. तिने त्याचा डावा हात धरला, कोपरात वाकवला, त्यावर पोरीचं डोकं ठेवलं. उजवा पंजा पाठीखाली सरकवला. “पाठीला आधार असू दे,” म्हणाली. “झोपेला आली की असंच डोलवायचं. पालथी झोपवू नकोस. दूध कोमट लागतं तिला.” तो प्रत्येक शब्दाला “व्हय, व्हय” म्हणत होता. वच्छलेने पदर सोडवला आणि पोरीची मूठ त्याच्या बोटावर मिटवली.

मग हरिबांनी दोन्ही करडं समोर आणली. ठिपक्याची पाट उचलून माझ्या हातात दिली. “ही तुमची. बोकड दिला असता तर खाटकाकडं गेला असता. पाट हाय, वाडंल, तुमचं दार भरंल. सांभाळलंसा, लई उपकार झाले.” चांगल्यातलं चांगलं त्यांनी आम्हाला दिलं. मनापासून दिलं. त्यात खोट काढायला तिळाएवढी जागा नव्हती.

शेळी, बोकड आणि पोर घेऊन ते निघाले. मी नाक्यापर्यंत मागे गेलो आणि थांबलो. येडूच्या खांद्यावर दुपट्याचं पिवळं टोक बराच वेळ दिसत होतं. मग मेंढरांची धूळ उठली आणि कडब्याच्या दोन गाड्या आड आल्या. गाड्या गेल्यावर रस्ता मोकळा होता. तरी मी तिथेच उभा होतो. नाकेवाल्याने विचारलं, मास्तर, कुणाची वाट बघताय?

२ जुलै, रविवार

आठ दिवस घरात बोलणं नाही. वच्छला जेवते, काम करते, माझ्या ताटात वाढते. माझ्याकडे बघत नाही. तिचं बरोबर आहे. विचारायला एक क्षण मिळाला होता, पत्र टाकायला आठ दिवस मिळाले होते. दोन्ही मी घालवले.

करडू आईविना दिवसभर ओरडतं. चंद्रव्वांनी त्यांच्या शेळीला लावून बघितलं, ती लाथ मारते. पाला जेमतेम कुरतडतं, वाटीतलं पीत नाही. मी फडक्याचा बोळा करून बघितला, तोही चघळून टाकून देतं. कालपासून ओरडणंही कमी झालं होतं. चंद्रव्वा म्हणाल्या, “जाईल हे, मास्तर.”

दुपारी सिद्धाप्पांचा माणूस पानासाठी आला. यापुढे थांबणार नाही म्हणून निरोप होता. मी बसून पान पुरं केलं. सांभाळण्याचं उदाहरण साहेबाच्या घोड्याचंच राहू दिलं. काढून टाकलेला तिसरा अर्थ परत घातला. माणसाने उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, “हा परीक्षेत येतो?” म्हटलं, नाही येत, राहू दे. तो पान घेऊन गेला.

दार लावून मागे वळलो तर वच्छला परसात होती. लिंबाखाली मांडी घालून बसलेली. करडाचं डोकं तिच्या डाव्या कोपरात होतं, आणि उजव्या हातात बोंडलं. घासून लख्ख केलेलं. तोटी तोंडात जाताच करडू जोरात ओढायला लागलं, शेपूट हलायला लागली. ती खाली बघूनच म्हणाली, “ते दिवाळीनंतर परत इथूनच जातील ना?”

“जातील. तीन रात्री मेंढरं बसवतील.”

“चालायला लागलेली असेल तेव्हा.”

“हो, वर्षाची होईल.”

बोंडलं रिकामं झालं तसं तिने ते माझ्यापुढे धरलं. “दूध आणा आणखी,” म्हणाली. “कोमट करा.”

मी चूल पेटवायला आत आलो.